आज्जी नुसती प्रेमळ नव्हती

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुला तिकडून निघता आलं नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आज्जीचं सगळं नीट पार पडलं, मामाने सगळं केलं. भेटायला इतकी माणसं आली की दारात चपला ठेवायला जागा नव्हती, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक आले, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशा बायका येऊन रडल्या. आणि जो येईल तो एकच म्हणायचा, फार प्रेमळ होत्या हो नर्सबाई.

खरंच होती. पण तेराव्यापर्यंत तेच तेच ऐकून मला आतून काहीतरी खटकायला लागलं आणि म्हणून हे पत्र लिहिते. डॉक्टर गेला की लोक म्हणतात हाताला गुण होता, निदान अचूक होतं. नर्स गेली की प्रेमळ. म्हणजे तिला काही येत होतं, ती काही शिकली होती, हे कुणाच्या तोंडूनच निघत नाही. तुला तर आज्जी फक्त रिटायर झाल्यानंतरचीच आठवणार, लाडू करणारी, तुझ्या वेण्या घालणारी, म्हणून तुला सांगते की तुझी आज्जी तिच्या कामात अतिशय हुशार होती.

ती एएनएम होती, म्हणजे गावोगाव फिरून लसी देणारी, बाळंतपणं करणारी सरकारी नर्स. आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, उमरगा तालुका, तिथलं एक उपकेंद्र. उपकेंद्र म्हणजे साधारण पाच हजार लोकसंख्येला एक नर्स, आणि ती पाच हजार माणसं एका जागी थोडीच राहतात, चार गावं, मळे, तांडे, सगळीकडे चालत नाहीतर एसटीने. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कितवा महिना, आधीची खेप कशी झाली, कोणाचं मूल नऊ महिन्यांचं झालं म्हणजे गोवरची लस द्यायची, हे तिच्या रजिस्टरमध्ये असायचं पण ती रजिस्टर न उघडता सांगायची.

लसीचं तर काय सांगू. आता तुम्हाला वाटतं लस म्हणजे सुई टोचली की झालं. लस घरापर्यंत चांगली पोचवणं हेच अर्ध्याहून जास्त काम. पोलिओची लस गोठली तरी चालते आणि डीपीटी, म्हणजे त्रिगुणी, गोठली की वाया जाते, दोन्ही एकाच डब्यातून न्यायच्या आणि बाहेर एप्रिल महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन. ती फ्रीजरमधून बर्फाचे पॅक काढले की लगेच डब्यात नाही भरायची, बाहेर ठेवायची, त्यांना घाम सुटेपर्यंत थांबायची, मगच भरायची, नाहीतर डीपीटीची बाटली पॅकला चिकटून गोठते. शंका आली की बाटली हलवून उजेडात धरायची. गोठून गेलेली लस हलवली की पटकन खाली बसते आणि वर नुसतं पाणी दिसतं. असली बाटली ती कोणी कितीही म्हणो, टोचत नसे. गोवरची लस एकदा मिसळली की चार तासांच्या आत संपवायची, उरलेली टाकायची, आणि एकदा अशा टाकलेल्या लसीवरून वरच्या एका साहेबांनी तिला झापलं होतं तर ती शांतपणे म्हणाली, साहेब, मेलेली लस टोचली तर कागदावर मूल सुरक्षित दिसेल आणि घरात गोवर येईल. मी तेव्हा शाळेत होते, दाराशी उभी राहून ऐकलेलं आहे हे.

सुया त्या काळी काचेच्या सिरिंजच्या, उकळून वापरायच्या. आमच्या क्वार्टरमध्ये स्टोव्हवर सकाळी आधी सुया उकळायच्या आणि मग चहा व्हायचा. घरभर रॉकेल आणि स्पिरिटचा वास, मला अजून कुठे तो वास आला की आई आठवते.

आणि बाळंतपणं. किती केली तिने मोजली नाहीत पण गावात फिरताना ती चाळिशीतल्या माणसालाही अरे तुरे करायची कारण तिनेच त्याला जगात आणलेलं. मूल झालं की सगळे मुलाकडे बघतात, आई मात्र बाळंतिणीकडे बघत बसायची. वार पूर्ण पडली का, तुकडा आत राहिला का, पोट हाताला घट्ट लागतंय का मऊ, रक्त किती जातंय. मऊ लागलं की पोटावरून हात गोल गोल चोळत राहायची, गर्भाची पिशवी आवळेपर्यंत. तोपर्यंत ट्रॅक्टर नाहीतर जीप सांगून ठेवलेली असायची कारण १०८ ची ॲम्ब्युलन्स वगैरे तेव्हा काही नव्हतं, ती आपल्याकडे २०१४ ला आली. सुईणींशी ती कधी भांडली नाही हे मला फार आवडायचं. त्यांना शेजारी बसवून घ्यायची, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात, एवढं त्यांच्याकडून करून घ्यायची आणि बाकी मान त्यांचा त्यांना. चिकाचं दूध मात्र फेकू द्यायची नाही. आधी मध चाटवा, गुळाचं पाणी द्या असलं सासवा म्हणायच्या, ती म्हणायची तासाभराच्या आत अंगावर घ्या, हेच पहिलं औषध आहे. न ऐकणाऱ्या घरी ती परत जायची. मग परत. रागवायची नाही पण सोडायची पण नाही.

लोहाच्या लाल गोळ्यांचं पण तसंच. बायका गोळ्या घेऊन कणगीत टाकून द्यायच्या कारण संडासला काळी होते, मग त्यांना वाटायचं काहीतरी बिघडलं. आई हे आधीच सांगून टाकायची, काळी होणार, घाबरायचं नाही, आणि चहाबरोबर घ्यायची नाही. एवढी एक गोष्ट आधी सांगितली तर बाई गोळी घेते, नाही सांगितली तर नाही घेत. याला मी हुशारी म्हणते.

१९९३ चा भूकंप तुला पुस्तकात असेल. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. मी कॉलेजमधून सणाला घरी आले होते. आमच्या क्वार्टरला पत्रे होते म्हणून वाचलो. किल्लारी, सास्तूरकडे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदं, ती अख्खी माणसांवर बसली, सुमारे दहा हजार माणसं गेली. आई उजाडायच्या आत पिशवी भरून ट्रॅक्टरवर बसून सास्तूरला गेली आणि बरेच दिवस धड घरी आलीच नाही, आली की अंघोळ करून परत. पाऊस लागला होता वरून. तिथे काय बघितलं ते ती फार बोलली नाही. काय केलं ते मात्र सांगायची, जखमा धुतल्या, फळकुटांच्या पट्ट्या बांधल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली, आणि मग रोज विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर टाकून पाण्याची ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे का ते बघायची. लोक ढिगाऱ्यातून माणसं काढत होते आणि ही विहिरीवर उभी, एकाने चिडून विचारलं पण की बाई हे काय लावलंय. ती म्हणाली, जे वाचलेत ते हगवणीने जाऊ नयेत म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये तिने बाळंतपणंही केली.

आता घरचं सांगते कारण तुला खोटं चित्र द्यायचं नाही. मला आई हवी असायची तेव्हा बऱ्याचदा ती नसायची. माझा दहावीचा पेपर होता त्या सकाळी ती एका अडलेल्या बाळंतिणीबरोबर तालुक्याला गेलेली, डबा शेजारच्या काकूंनी दिला. मी रागवायचे, अबोला धरायचे. ती माझी समजूत काढत बसायची नाही, रात्री माझ्या डोक्याला तेल लावत सांगायची, आज काय झालं, मूल आडवं होतं ते कसं कळलं, का न्यावं लागलं. म्हणजे मला तिच्या कामात घ्यायची. तिचं प्रेम करणं असं होतं बघ.

९ डिसेंबर १९९५ ला पहिला पल्स पोलिओ झाला तेव्हा ती पहाटे चारला उठलेली. पुढच्या वर्षांत तर बूथ झाला की दुसऱ्या दिवसापासून घरोघर, ऊसतोडीला गेलेली पोरं कुठल्या कारखान्यावर आहेत ते विचारून निरोप धाडायची. देशातली शेवटची पोलिओची केस जानेवारी २०११ ची, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा ती रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. टीव्हीवर बातमी लागली तर तिने तुला मांडीवरून उठवलं, उभी राहिली आणि देवापुढे साखर ठेवली. तू लहान होतीस, तुला फक्त साखर आठवत असेल. टीव्हीवर मोठी माणसं बोलत होती, आणि मी आईच्या पायांकडे बघत होते, त्या पायांनी किती वस्त्या तुडवल्या होत्या.

कोरोनात २०२१ ला लस घ्यायला गेली तर टोचणाऱ्या मुलीला म्हणाली, हात छान आहे तुझा, कळलं पण नाही. आणि अर्धा तास थांबा म्हटल्यावर पूर्ण अर्धा तास बसली, मामा घाई करत होता तर त्यालाही बसवलं. ती मुलगी परवा भेटायला आली होती. तिने एकटीने सांगितलं, काकू, आज्जी मला फोनवर कोल्ड चेन, लस शेवटपर्यंत गार कशी ठेवायची ते, समजावून सांगायच्या. मला इतकं बरं वाटलं त्या एका वाक्याने.

तिची रजिस्टरं नियमाप्रमाणे दवाखान्यातच राहिली, घरी एक जुनी डायरी आहे फक्त, तू आलीस की दाखवते, अक्षर सुंदर आहे. स्वेटर आणि दोन सुती साड्या तुझ्यासाठी ठेवल्यात.

तू व्हिडिओ कॉलवर फार पांढरी दिसतेस. तिकडे हिमोग्लोबिन तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नको.

तुझी,
आई