गाडी न चालवणाऱ्यांचे अमेरिकेतले ओळखपत्र

संपादक महोदय,

मुलांकडे ग्रीन कार्डावर कायमचे राहायला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत औषधे, मसाले, पापड सगळे आठवणीने जाते. ओळखपत्राला लागणारे कागद मात्र इथल्या कपाटात राहतात.

अमेरिकेत आधारसारखे एकच कार्ड नाही. ओळखपत्र राज्य देते, आणि तेही लायसन्सच्याच कार्यालयातून: कॅलिफोर्नियात डीएमव्ही, न्यू जर्सीत एमव्हीसी, टेक्सासमध्ये डीपीएस. गाडी येत नाही म्हणून तिथे आपले काम नाही, असा अनेक ज्येष्ठांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ना लेखी परीक्षा, ना रस्त्यावरची चाचणी. कॅलिफोर्नियात वयाची ६२ वर्षे पूर्ण झालेल्यांना हे कार्ड फुकट मिळते आणि १० वर्षे चालते.

७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या निकषांप्रमाणे राज्याने दिलेले ओळखपत्र, लागू झाले, म्हणून घाबरायचे कारण नाही. भारतीय पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड विमानतळावर चालते. पण बँकेत, औषधांच्या दुकानात दर वेळी ग्रीन कार्ड बाहेर काढले की ते हरवण्याची धास्ती. नवे काढायला चारशे डॉलरहून अधिक खर्च आणि मोठी प्रतीक्षा.

काम अडते ते बहुतेक वेळा नावावर. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, छापले जाते. पुढे सगळीकडे तेच चिकटते. व्हिसाच्या अर्जाआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. पन्नास वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे तो नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत उशिराची नोंदणी आजही होते. मराठी दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

दुसरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. रिअल आयडीला दोन पुरावे लागतात आणि घरातली सगळी बिले मुलाच्या नावावर. कॅलिफोर्नियात मुलाचे बिल चालते, पण नाते दाखवणारा त्याचा जन्मदाखला सोबत हवा. नेमक्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, नाहीतर आईचे नाव वेगळेच. इथे असतानाच ते नाव चढवून घ्या. टेक्सासमध्ये, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचे रहिवासाचे प्रतिज्ञापत्र चालते. बाकी ठिकाणी, गेल्या गेल्या बँकेत संयुक्त खाते उघडणे हा सोपा मार्ग.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (सरकारी नोंदींतला व्यक्तीचा क्रमांक) डीएस-२६० या स्थलांतर व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातल्या दोन्ही प्रश्नांना, कार्ड हवे का आणि माहिती द्यायला संमती आहे का, ‘हो’ म्हणावे. उतरल्या उतरल्या मात्र डीएमव्हीत जाऊ नये. तिथला कर्मचारी आपला दर्जा केंद्र सरकारच्या नोंदीत तपासतो; ती नोंद अद्ययावत व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर अर्ज नुसता अडकून पडतो. दोन आठवडे थांबलेले बरे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ओळखपत्राच्या अर्जातच मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत तो विचारावाच लागतो. समोरच्या पडद्यावर भराभर प्रश्न येतात, मागे रांग असते, आणि ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?’ यावर घाईत ‘हो’ दाबले जाते. ग्रीन कार्डधारक नागरिक नाही. चुकून झालेली नोंदणीही पुढे नागरिकत्व नाकारायला कारण ठरू शकते, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. मुलाने किंवा सुनेने शेजारी उभे राहून हा एक प्रश्न मोठ्याने वाचून, मराठीत सांगून मगच उत्तर द्यायला लावावे. आणि सही करण्याआधी छापील अर्ज पुन्हा एकदा वाचून घ्यावा.

कार्ड काही आठवड्यांनी टपालाने येते. अपार्टमेंटच्या टपालपेटीवर आईवडिलांचे नाव नसेल तर ते परत जाऊ शकते. चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवावी.

– एक वाचक, ठाणे