आरोग्यमंत्री साहेब, सासूबाईंच्या गोळ्या महिन्याला दहाच दिवस चालतात

मा. आरोग्यमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा वेळ मोलाचा आहे म्हणून थोडक्यातच लिहिणार होते, पण जमेल असं वाटत नाही.

माझ्या सासूबाई 77 वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. चार वर्षं झाली, त्याच तीन गोळ्या, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. डोस बदललेला नाही. तरी दर महिन्याला त्यांना उठवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कारण "पेशंट समोर पाहिजे". केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, मग औषध खिडकीची रांग. डॉक्टर मान वर न करता लिहितात, मागचंच चालू ठेवा. अहो मग मागचंच चालू ठेवायला म्हातारीला एसटीत चढवायची कशाला?

गेल्या मंगळवारी तर हद्द झाली. औषध खिडकीपाशी त्यांना गरगरलं, खालीच बसल्या, आणि आतून काय मिळालं तर दहा दिवसांच्या गोळ्या. टेल्मिसार्टन नाहीच. "स्टॉक आला नाही, बाहेरून घ्या." बाहेर दोनशेच्या वर गेले. मी ब्लाउज शिवते साहेब, त्या दिवशी मशीन बंद, लग्नाची ऑर्डर लांबली, गिऱ्हाईकाने ऐकवलं ते वेगळंच. माझे गुडघे दुखतात ते मी सांगतच नाही कुणाला. आता मलाही बीपीची गोळी लागलीये, म्हणजे पुढच्या महिन्यापासून एका घरातून दोन पेशंट, अभिनंदन करा आमचं.

15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यात उपचार मोफत केले, चांगलं केलं. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, तेही चांगलं. म्हणजे तिकीट फुकट, केसपेपर फुकट, गोळ्याही फुकट, फक्त गोळ्या नाहीत!

गावातल्या उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, रंगबिंग मारलाय. दर्शन मिळतं, प्रसाद नाही. कोरोनात याच उपकेंद्रातून आशाताईंनी दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या घरी आणून दिल्या होत्या. तेव्हा पेशंट समोर लागत नव्हता का? मार्च 2020 मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात जुन्या पेशंटच्या चालू गोळ्या फोनवर विचारपूस करून परत लिहून देता येतात. हे मला आमच्या भाच्याने मोबाईलवर काढून दाखवलं. तुमच्या खात्यात कुणाकडे मोबाईल नाही का?

आणि आकडे तर काय, दर चार-पाच मोठ्या माणसांमागे एकाला बीपी, आमच्या आळीत तर मला दोनातला एक वाटतो. 17 मे 2023 ला दिल्लीत जाहीर झालं, 2025 पर्यंत साडेसात कोटी लोकांना बीपी-शुगरचे उपचार सुरू करणार. त्यात आमच्या सासूबाई धरल्यात का? धरल्या असतील तर महिन्यातले दहा दिवसच धरा, बाकीचे वीस दिवस आमच्या खर्चात टाका.

मागणं काय मोठं नाहीये. ज्यांचं बीपी-शुगर आटोक्यात आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, घरच्या माणसाच्या हातात द्या, आणि उपकेंद्रात ठेवा. बीपी मोजायला सिस्टर गावात आहेतच. पण तुम्ही लोक हे करणार नाही, कारण यात उद्घाटन नाही, फीत नाही. नवीन बिल्डिंग होते, मशीन येतं, पेपरात फोटो येतो, आणि गोळी मात्र कुठल्या तरी टेंडरात अडकलेली. आधी औषधखरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडे होती, मग त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढलं, खिडकीवरचं उत्तर तेच, बाहेरून घ्या. शाळेत गेलं तरी हेच, रेशनला गेलं तरी हेच, अंगठा उमटत नाही उद्या या. गरिबाला कामधंदा नसतोच असं धरून चालता तुम्ही.

माफ करा, जास्त बोलले असेन. सासूबाई म्हणाल्या मंत्र्याला असं लिहू नये, म्हणून पत्र त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

दहातल्या सहा गोळ्या संपल्यात. सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही परत येतोय, खिडकी नऊला उघडते ना?

आपली,
तीन रांगांतली एक बाई