आप्पा, तुमच्या पत्त्यांचे आभार

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण ते तुम्ही वाचून कपाटात ठेवलं असतंत आणि विषय तिथेच संपला असता. खानदेशावरचे माझे लेख वाचून लोक विचारतात, "ही माणसं तुम्हाला सापडतात कुठे?" आणि मी दर वेळी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर एवढंच आहे की यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात एसटीच्या तिकिटांवर उभी हयात काढलेल्या एका कंडक्टरने मला ती सापडवून दिली. हे कधीतरी चारचौघांत सांगायचंच होतं. "नाव छापायचं नाही" ही तुमची ताकीद लक्षात आहे, ती पाळते आहे.

मासिकाने माझ्याकडे मागितलं होतं ते नेहमीचंच: खानदेशातले दहा पदार्थ, प्रत्येकासमोर एक हॉटेल, एक फोटो आणि थाळीचा दर. ती यादी तुम्ही वाचलीत, चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "ताई, कळण्याची भाकरी हॉटेलात कोण मागतं? जो घरी रोज खातो, तो हॉटेलात पुरीच मागणार ना." मग यादीतल्या निम्म्याहून जास्त पदार्थांसमोरची हॉटेलांची नावं खोडून तिथे गावांची नावं लिहिलीत. गावासमोर आळी, आळीसमोर घर, आणि घरासमोर महिना. महिना कशाला, असं मी विचारल्यावर तुमचा चेहरा असा झाला की मी गप्प बसले.

तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक, याचं मला आधी नवल वाटायचं. मग डब्यांची गोष्ट कळली. गावाकडची पोरं जळगावला, फैजपूरला शिकायला राहायची आणि त्यांचे डबे सकाळच्या गाडीने यायचे. कापडात बांधलेला डबा, वर चिठ्ठी, कधी नुसतीच खूण म्हणून बांधलेली लाल चिंधी. ते डबे वर्षानुवर्षं तुमच्या पायाशी असायचे. कुणाच्या घरी आज फौजदारी डाळ आहे आणि कुणाकडे नुसता ठेचा, हे झाकण न उघडता कळायचं, असं तुम्ही सांगितलंत. शिवाय मुक्कामी गाड्या. रात्रीची शेवटची फेरी खेड्यात थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची काळजी गावच घ्यायचं. ज्वारीत उडीद सालासकट दळून केलेली ती काळपट कळण्याची भाकरी तुम्ही अशीच ओळखायला शिकलात: उडीद किती पडलाय, मीठ पिठातच घातलंय का, जातं कुणाचं. खाद्यसंस्कृतीचा अभ्यास म्हणून लोक जे काही करतात त्यात एवढी हजेरी कुणाची लागलेली असेल, असं मला वाटत नाही.

तुमचा पहिला फोन गेला बामणोदच्या बाजूच्या एका मळ्यात. कपाशीची वेचणी संपून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बांधावर रचून ठेवल्या होत्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं मी वाचून गेले होते. हातात घेतल्यावर कळलं की हिरवट-पांढरं, वीतभर लांब ते वांगं दिसतं त्या मानाने हलकं लागतं. आत बी कमी, गर जास्त. घरी पाण्याचा तांब्याही न उचलणारे बाप्ये तिथे मांडी ठोकून वांगी भाजत होते, आणि वर एकमेकांच्या चुकाही काढत होते. पऱ्हाट्यांचा जाळ मोठा आणि झटपट. वांगी त्यात सरळ आडवी टाकायची, साल काळी पडून सुटायला लागली की उलटायची. देठ धरून उचललं की वांगं मधोमध लवतं, तेव्हा ते झालं. मग पाण्यात बोटं बुडवत चटके सोसत सोलायचं आणि लाकूड कोरून केलेल्या बडजीत मिरची-लसणासोबत ठेचायचं. मिक्सरला लावलं तर त्याची पेस्ट होते. ठेचल्यावर गराचे धागे राहतात आणि तेल त्या धाग्यांत मुरतं. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि मूठमूठ कोथिंबीर. लाल तिखटाचा डबा कुणी मळ्यात आणलाच नव्हता.

जळगावात आता हेच भरीत किलोवर मिळतं, हंगामात पार्सलं पुण्या-मुंबईला जातात, आणि ते वाईट असतं असंही नाही. तरी वांगी, पऱ्हाट्या आणि थंडी एकाच वेळी एकाच बांधावर येतात म्हणून हा पदार्थ जन्मला, हे दुकानात उभं राहून समजलं नसतं. तुम्ही यादीत महिना का लिहिला होतात, तेही तिथेच उमगलं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. पंचांगालाही वांग्याचा हंगाम ठाऊक आहे.

त्या मळ्यातून परत येताना मी हॉटेलातल्या खाण्याबद्दल काहीतरी तुच्छतेने बोलले, तर तुम्ही माझ्यावर चक्क उखडलात. शेवभाजीला नावं ठेवायची नाहीत. धुळ्याहून रात्री आलेल्या ट्रकवाल्याला दहा वाजता वांगं कोण भाजून देणार? जाड तिखट शेव डब्यात महिनाभर टिकते. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजून वाटलेलं वाटण सकाळीच तयार असतं. गिऱ्हाईक आलं की रश्शाला उकळी द्यायची आणि शेव शेवटी सोडायची, कारण आधी घातली तर तिचा लगदा होतो. भाजी बाजारात नसली, पाऊस असला, बंद असला, तरी ढाब्यावर शेवभाजी आहे. घराबाहेर असलेल्या माणसाचं हे जेवण आहे, असं तुम्ही म्हणालात. माझ्या लेखातला तो परिच्छेद वाचकांना सगळ्यात आवडला आणि तो जवळजवळ तुमच्याच शब्दांत आहे. मानधनाचा तेवढा भाग मी तुम्हाला देऊ केला, तेव्हा तुम्ही रावेरची केळी घेऊन दिलीत आणि विषय बदललात.

मांड्यांसाठी तुम्ही मला आखाजीपर्यंत थांबवून ठेवलंत. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकींसाठी खानदेशात पुरणपोळी होते ती खापरावरची, आणि सावद्याजवळच्या त्या मावशींकडे जाण्याआधी तुम्ही मला दोन अटी घातल्यात. रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि मांडा खाऊन झाल्याशिवाय मोबाइल काढायचा नाही. दुसरी अट फार उपयोगाची ठरली. फोटोच्या नादात मला त्यांचे हात दिसलेच नसते. सैल कणकेत पुरण भरून पोळपाटावर जेमतेम लाटलेली पोळी त्यांनी हातांवर घेतली आणि या मनगटावरून त्या मनगटावर फिरवत, झुलवत, कोपरापर्यंत वाढवत नेली. पुरण दिसेल इतकी पातळ, पण कुठे भोक नाही. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात पसरली. क्षणभरात फुगे आले, कडा सुटल्या, घडी करून ताटात. शेजारी आमरस आणि पुरणाच्या कटाची झणझणीत रशी. बोलता बोलता मावशी हात दाखवून म्हणाल्या की या कामात नखं आणि बांगड्या दोन्ही चालत नाहीत.

नंबर छापू का, हे त्यांना विचारायला तुम्हीच मला भाग पाडलंत. मी ते परस्पर ठरवून टाकलं असतं. त्यांनी विचार करून सुनेचा नंबर दिला, आणि आता सणाला नाशिक-पुण्याहून फोन येतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या स्टॉलवर मांडे करणाऱ्या बायांसमोर गर्दी असते हे मी पाहिलं होतं. पण तिथे पाहणाऱ्याला मांडा दिसतो, गाव दिसत नाही.

वरण-बट्टीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या भंडाऱ्यात मी इतकी जेवले की टिपणं काढायची राहिली. केळीच्या पानावर वरण आवरताना माझी जी त्रेधा उडाली, ती तुम्ही अजून लोकांना रंगवून सांगता असं कानावर आलंय. सांगा.

आणखी एका गोष्टीचे आभार. प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी तुम्ही तो फोनवर पूर्ण ऐकलात, ऐन जेवणाच्या वेळीसुद्धा. "अप्रतिम", "लाजवाब" असले शब्द आले की तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात, आणि त्या "हं"वरून मी ते काढून टाकायचे. संपादकांना वाटतं माझी भाषा अलीकडे सुधारली.

आता कामाचं. पुढचा लेख नंदुरबारकडचा आहे. बाजारात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या मी बघून आले, पण मला सातपुड्यात वर, धडगावला जायचंय. तिथल्या कैऱ्यांचं आमचूर आणि मोहाची फुलं, दोन्ही त्यांच्या वेळेला बघायची आहेत. तुमची लाइन तिकडची नव्हती हे माहीत आहे. पण शहादा आगारातले तुमचे ते मित्र, ज्यांना तुम्ही "वरचा माणूस" म्हणता, त्यांना विचारून ठेवाल का? कोणाच्या घरी जायचं ते कळवा, आणि महिना लिहायला विसरू नका. रिकाम्या हाताने जाणार नाही.

काकूंना नमस्कार. त्यांनी पाठवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, संपत आलेत, हे त्यांना सहज म्हणून सांगा.

तुमची,
ताई