बाबा, त्या आकड्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गूगल स्कॉलरवरचं (संशोधकांचे पेपर आणि त्यांचे उल्लेख मोजणाऱ्या साइटवरचं) माझं पान तुम्ही शोधून काढलंत आणि एच-इंडेक्सवरून आमच्या विभागातल्या सगळ्यांची क्रमवारीही लावलीत, असं आई म्हणाली. माझा नंबर तिसरा का, हे फोनवर सांगून संपणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी हिशेब. ज्याच्या ३० संशोधन-पेपरांचा प्रत्येकी निदान ३० वेळा इतरांनी उल्लेख केलाय, त्याचा एच-इंडेक्स ३०. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही मोजपट्टी काढली. वयाबरोबर हा आकडा चढत जातो आणि माणूस निवृत्त झाला तरी चढायचा थांबत नाही. साथरोगाच्या मोठ्या अभ्यासात एकेका पेपरवर पन्नास-पन्नास नावं असतात आणि प्रत्येकाच्या नावावर तो अख्खा जमा होतो. तुम्ही बँकेत असताना असं संयुक्त खातं चालू दिलं असतंत का?

शिवाय उल्लेख म्हणजे शाबासकी नव्हे. एचआयव्हीमुळे एड्स होतच नाही, असं पीटर ड्यूसबर्ग १९८७ पासून मांडत आले. त्यांना खोडून काढायचं तर त्यांचाच पेपर उद्धृत करावा लागतो, आणि तोही उल्लेख त्यांच्याच खात्यात पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००० मध्ये नेमलेल्या एड्स सल्लागार मंडळात ते होते. तिथे एचआयव्हीची औषधं द्यायला जो उशीर झाला, त्यात ३,३०,००० हून अधिक जीव गेल्याचा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे मांडला.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल, पोरगी आंबट द्राक्षांच्या गोष्टी सांगतेय. २०११ चा एचपीटीएन ०५२ हा अभ्यास घ्या. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, दोघांपैकी एकाला एचआयव्ही. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे त्यातून दिसलं. त्याचा हजारो वेळा उल्लेख झाला आणि तो रास्तच आहे. त्याच्या कितीतरी आधी, युगांडातल्या राकाई जिल्ह्यातल्या ४१५ जोडप्यांच्या अभ्यासाने रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणावर लागण ठरते, हे २००० मध्येच दाखवलं होतं.

पण मला विचाराल तर आमच्या साथरोगशास्त्राचा कस लागला तो २००७ मध्ये. भारतात ५७ लाख लोकांना एचआयव्ही आहे, असा तोवरचा अंदाज. तो मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती आणि गुप्तरोगांचे रुग्ण यांच्या तपासण्यांवरून बांधलेला. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखावर लोकांचं रक्त तपासलं, आणि अंदाज २५ लाखांच्या आसपास आला. एकही माणूस बरा झाला नव्हता, फक्त मोजणी सुधारली होती. त्याच वर्षी जगाचा अंदाजही ३.९५ कोटींवरून ३.३२ कोटींवर आला, आणि त्यातला मोठा वाटा भारताच्या दुरुस्तीचा होता.

आई, हे घरोघरचं रक्त कसं घेतात ते तुला आवडेल. बोट टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर छापलेल्या वर्तुळांत पडू द्यायचे. वर्तुळ भरलं पाहिजे, पण वाळत आलेल्या थेंबावर दुसरा पडला की नमुना वाया. कार्ड रात्रभर सपाट वाळवून, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पिशवीत बंद करायचं. वर नाव नाही, नुसता बारकोड. हे करणाऱ्या बायका पेपरात शेवटी 'क्षेत्र कर्मचाऱ्यांचे आभार' एवढ्यातच येतात, आणि आभारांचं सायटेशन, म्हणजे मोजला जाणारा उल्लेख, होत नाही.

"मग तुझं काम मोजायचं कसं?" असं तू विचारलंस. माझ्या ज्या पेपराचा उल्लेख सगळ्यांत कमी झालाय, तोच मला जवळचा आहे. एचआयव्हीचे उपचार मधेच सोडून 'गळालेले' म्हणून नोंदवलेले रुग्ण खरंच कुठे गेले, याचा आम्ही माग काढला होता. काही दुसऱ्या केंद्रात व्यवस्थित औषध घेत होते, काही वारले होते. नोंदवहीत मात्र दोघांपुढे एकच शेरा. त्यानंतर ज्यांची केंद्रं होती त्यांनी शेऱ्याचे रकाने वेगळे केले. हे गूगलला कळायचं कारण नाही.

बढतीचा अर्ज भरतेय. त्यात एच-इंडेक्सचा रकाना आहेच, तो निमूट भरीन. पण 'कामाचा परिणाम' असं एक कोरं पानही दिलंय आणि तिथेच अडलेय. कच्चा मसुदा सोबत जोडलाय. बाबा, शुद्धलेखन तुम्ही बघा. आई, जे वाक्य तुला दोनदा वाचावं लागेल त्यावर खूण कर. ती सगळी मी बदलणार आहे.

तुमची,
मनू