दुसरी मोटार घेताना ‘ॲव्हरेज’ शेवटी विचारावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील एकूण कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यानंतर, एक गाडी दारात असतानाही दुसरी घेण्याचा विचार अनेक मध्यमवर्गीय घरांत सुरू झालेला दिसतो. पती हिंजवडीला आणि पत्नी खराडीला अशी नोकरीची विभागणी असलेल्या पुण्यातील कुटुंबाला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही, कारण मेट्रो आली तरी ती सगळ्यांच्या दारापासून कचेरीपर्यंत जात नाही. मात्र ही दुसरी गाडी निवडताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच विचारला जातो, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायला हवा.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. शहरातली दुसरी गाडी महिन्याला ६०० किलोमीटर चालते असे धरू. गर्दीच्या रस्त्यांवर लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर महिन्याचा खर्च साधारण साडेचार हजार होतो. तेच अंतर सीएनजीवर, किलोला २० किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरून, पावणेतीन हजारांत जाते. फरक महिन्याला सुमारे १,७५० रुपयांचा. सीएनजीच्या गाडीसाठी सुरुवातीलाच नव्वद हजारांच्या आसपास जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय पंपावरची रांग, डिकीत बसलेली टाकी आणि दर तीन वर्षांनी तिची जलदाब चाचणी (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणे) आहेच. (दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवण्याची सोय काही गाड्यांत आता मिळते, हे खरे.) हडपसरहून रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्याचे महिन्याचे अंतर बाराशे किलोमीटरच्या घरात जाते आणि त्याच्यासाठी हाच हिशेब उलटतो. त्यामुळे सीएनजी चांगली की वाईट, हा वाद आपले रोजचे अंतर मोजल्याशिवाय निरर्थक आहे.

गाडी उभी असतानाही जो खर्च होतो, त्याची चर्चा मात्र होत नाही. विमा कंपन्या गाडीची विमा रक्कम ठरवताना जो घसारा, म्हणजे वयानुसार किमतीत होणारी घट, धरतात, तो मूळ किमतीच्या एकूण दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के असतो. म्हणजे सहा लाखांच्या नव्या गाडीचे पाच वर्षांत कागदावर तीन लाख रुपये जातात, महिन्याला पाच हजार, आणि ही रक्कम वर काढलेल्या पेट्रोलच्या खर्चापेक्षाही मोठी आहे. बाजारातली किंमत यापेक्षा थोडी बरी मिळू शकेल, पण दिशा तीच राहते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला नोंदणीच्या वेळी भरावा लागणारा ११ टक्के एकरकमी वाहन कर आणि दरवर्षीचा विमा यांचाही गाडी किती धावली याच्याशी फारसा संबंध नसतो.

म्हणूनच कमी चालणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. शक्यतो एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी पाहावी. तिच्या इंधनाच्या मार्गातील भाग २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनवलेले असतात, आणि जानेवारी २०२२ नंतरची असल्याने पुढच्या दोन्ही एअरबॅगाही असतातच. पुण्यात तर पाण्याची तपासणी अवश्य करावी. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा उभ्या असलेल्या कित्येक गाड्या बुडाल्या होत्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून कोठे जातात हे सांगणे न लगे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गढूळ पाण्याची रेघ आहे का पाहावे, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहावा आणि स्टेपनीच्या खळग्यात हात घालून चिखल चाचपावा. कागदपत्रांत आरटीओचे नमुना २९ आणि ३० हे अर्ज मालकी हस्तांतरासाठी लागतात, आणि कर्जाचा बोजा नोंद असेल तर तो नमुना ३५ भरून उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो गाडीबरोबर मिळेल असे विकणारा सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

डिझेलचा विचार केवळ शहरासाठी करू नये. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी ती अधूनमधून सलग वेगात चालावी लागते, आणि कोथरूड ते डेक्कन अशा फेऱ्यांत ते घडत नाही. स्वयंचलित गिअरची सोय मात्र मी चैन मानत नाही. मारुतीच्या सेलेरिओबरोबर २०१४ मध्ये स्वस्त गाड्यांत आलेल्या एएमटी या स्वयंचलित गिअरमुळे वाहतूककोंडीत डाव्या पायाचे हाल वाचतात. चढावर ब्रेक सोडताच गाडी मागे सरकते का, हे त्या विशिष्ट गाडीत बसून, खऱ्या चढावर पाहून ठरवावे. विक्रेत्याच्या सपाट गल्लीतल्या फेरीत ते कळणार नाही.

विजेची छोटी गाडी दुसरी गाडी म्हणून तर्काला सर्वांत धरून आहे, कारण लांबच्या प्रवासाला घरात पहिली गाडी असतेच. एका युनिटमध्ये आठ किलोमीटर धरले तर आपल्या ६०० किलोमीटरना ७५ युनिट लागतील. अडचण अशी की ही ७५ युनिटे घरगुती मीटरवर वापराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात धरली जातात, म्हणून हिशेब सरासरी दराने न करता त्या टप्प्याच्या दराने करावा. सोसायटीत चार्जिंगची परवानगी लेखी मिळण्याआधी गाडी नोंदवणे हा निव्वळ उतावळेपणा आहे.

कामासाठी गाडी घेणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वकील, वास्तुरचनाकार किंवा छोटा व्यावसायिक यांना व्यवसायात झालेल्या वापरापुरता १५ टक्के दराने घसारा प्राप्तिकरात दाखवता येतो, पण गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सामान्यतः मिळत नाही. कंपनीच्या नावावर पेट्रोल गाडी नोंदवली तर राज्याचा वाहन कर २० टक्के पडतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेण्याचा मोह टाळावा, कारण अपघात झाल्यास विम्याचा दावा त्याच कारणावरून नाकारला जाऊ शकतो.

राहिला प्रश्न जागेचा. वाहनतळाची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये सांगितले होते. नियम काहीही असो, आपल्या सोसायटीत दुसरी जागा कागदोपत्री मिळणार नसेल तर ही गाडी रस्त्यावर उभी राहणार आणि तिचा भार शेजाऱ्यांवर पडणार आहे. जागा मिळत असेल तर टेप घेऊन ती मोजावी आणि आरसे उघडे धरून गाडीची रुंदी व दार उघडायला लागणारी जागा त्यात बसते का, ते पाहावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. नव्या गाडीची ओळख करून देताना इंधनाच्या आकड्याच्या बरोबरीने, महिन्याला ६०० आणि १२०० किलोमीटर अशा दोन्ही वापरांसाठी कर, विमा, देखभाल आणि घसारा धरून पाच वर्षांचा एकूण खर्च सांगणारी एक चौकट छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे