पंचनाम्याची पिशवी

चंद्रपूर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

चिखलदऱ्याचे वनरक्षकाचे प्रशिक्षण संपले, ब्रह्मपुरी विभागात बीट (गस्तीची हद्द) मिळाली. छान झाले. फोनवर सांगितलेले संध्याकाळपर्यंत विसरले जाते, म्हणून लिहून पाठवतो. कलमे तुला पाठ असतीलच. ती जागेवर कुठे अडतात, तेवढेच सांगतो.

आधी हातातल्या अधिकाराबद्दल. नाव वनरक्षक, पण काम निम्मे पोलिसाचे आणि निम्मे तलाठ्याचे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६४ नुसार एक महिना किंवा त्याहून जास्त कैदेच्या वनगुन्ह्यात वाजवी संशयावर तू वॉरंटशिवाय अटक करू शकतेस. कलम ५२ ने माल, हत्यारे, बैलगाडी, वाहन जप्त करता येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० ने झडतीही घेता येते. एवढा अधिकार दिल्यावर त्याच १९२७ च्या कायद्यात कलम ६२ सुद्धा ठेवले आहे: त्रास देण्यासाठी, कारण नसताना जप्ती केली, तर करणाऱ्या वनकर्मचाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद. पाठ करताना हे कलम बहुतेकांचे सुटते.

त्यामुळे रुजू झाल्यावर पहिले काम कोणाला पकडायचे नाही ते नक्की करण्याचे. बीटमधल्या कोणत्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेत, ते जंगलाच्या कोणत्या कक्षांवर (क्रमांक दिलेल्या तुकड्यांवर), याचा नकाशा वनपालांकडून मागून घे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला असा हक्क २००९ सालीच मिळाला, आता तर गावोगावी आहेत. मोह, तेंदू, बांबू हे गौण वनोपज आहे. हक्क असलेल्या गावच्या माणसाचा बांबू धरलास, तर केस उभी राहणार नाही आणि ते गाव पुढची पाच वर्षे तुला एक शब्द सांगणार नाही. जळाऊ काडीची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईच्या मागे धावण्यात ज्यांची सगळी नोकरी खर्ची पडली, त्यांच्या बीटमधून सागाचे अखंड ओंडके ट्रॅक्टरने गेले. रात्री आलेल्या अनोळखी मोटारसायकलीची खबर शेवटी ती मोळीवालीच देते. कुठल्या जातीच्या पालावर सरसकट संशय घेणे हीही तशीच आळशी सवय आहे. तू ती लावून घेऊ नकोस.

आता धान कापणीला आले आहे. डुकरे बांधीत (धानाच्या खाचरात) उतरतात आणि त्यांच्यासाठी करंट लावला जातो. त्यात वाघ, बिबट, कधी शेतकरी स्वतःच मरतो. तुझे पहिले दोन महिने यातच जातील. पद्धत ठरलेली आहे. ११ केव्हीच्या लाईनवर बांबूने आकडा टाकायचा, तिथून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार धुऱ्याने (बांधाने) किंवा जनावरांच्या पायवाटेने न्यायची, गुडघ्याखाली खुंट्यांवर बांधायची. वीज जमिनीत उतरू नये म्हणून खुंट्यांवर बाटलीचे तोंड, प्लास्टिकच्या नळीचा तुकडा किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी असते. तार पहाटे गुंडाळून नेतात, खुंट्या मात्र तशाच राहतात. दिवसाच्या गस्तीत एका ओळीत सारख्या उंचीच्या खुंट्या दिसल्या की त्यांची दिशा धरून विजेच्या लाईनपर्यंत चालत जा.

कुंपणाचे झटका मशीन वेगळे. ते बॅटरीवर चालते, क्षणभराचा झटका देऊन थांबते आणि त्याला शासनाचे अनुदानही मिळते. त्याच कुंपणाच्या तारेला कोणी घरची लाईन थेट जोडली असेल, तर मात्र तो मारण्याचाच सापळा. म्हणून मशीन बघून पुढे जाऊ नकोस, तार कुठून निघते ते बघ.

तार दिसली तर हात लावायचा नाही, काठीही नाही. घरच्या २३० व्होल्टला चालणारी कोरडी काठी ११,००० व्होल्टला चालत नाही, पकडीचे रबरही नाही. चिखलाच्या बांधीत तर जमिनीतूनच झटका बसतो. सगळ्यांना लांब थांबव आणि महावितरणच्या उपकेंद्राला फोन कर. ‘लाईन बंद केली’ असे फोनवर सांगितले म्हणून पुढे जायचे नाही. लाईनमन जागेवर येऊन अर्थिंग करेपर्यंत थांबायचे. त्याच उपकेंद्रात फिडर (तिथून निघणारी लाईन) कधी ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, याची नोंद असते. रात्री दोनला वादळ नाही, पाऊस नाही आणि फिडर पडला, तर त्या फिडरखालच्या शेतांत सकाळी जाऊन बघ. तिथल्या ऑपरेटरशी ओळख ठेव, ती दहा गस्तींचे काम करते. गुन्ह्यात विजेची चोरीही येते, विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३५. ती तक्रार महावितरणने द्यायची असते, पण मागे लागावे तुलाच लागेल.

आता पंचनामा. केस हातातून सुटते ती बहुतेक वेळा पहिल्या तासात, आणि ते कळते चार वर्षांनी, उलटतपासणीत.

जागेवर पोचल्यावर लगेच जनावराजवळ जाऊ नकोस. आधी एकच वाट ठरव, येणे-जाणे तिथूनच. गावकरी, मजूर, साहेब, पत्रकार कोणीही असो. वाघाच्या मृत्यूत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडकच आहे की उलट सिद्ध होईपर्यंत शिकारच समजायची. त्यामुळे ‘म्हातारा होऊन मेला असेल’ हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचे नाही. ओढत आणल्याची खूण, ताजी उकरलेली माती, राख, बिडीचे थोटूक आणि चपलेचा ठसा लोक जमण्याआधीच सापडतात. फोटो आधी लांबून, मग मधून, मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून. पट्टी नसलेल्या ठशाचा काही उपयोग नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, म्हणून मोबाईल चार्ज असलाच पाहिजे. ज्या मोबाईलवर चित्रण झाले त्याचे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही जोडावे लागते. हे कागद मागाहून कोणी शोधत बसत नाही, तेव्हाच रेंज ऑफिसात (वनपरिक्षेत्र कार्यालयात) आठवण कर.

जीपीएसचे आकडे लिहिताना सगळ्यात जास्त चूक होते. २०.३० म्हणजे २० अंश ३० मिनिटे नव्हेत. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५०. एवढ्याशा गल्लतीत जागा २२ किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकते, आणि आरोपीचा वकील नकाशा घेऊनच उभा असतो. एकच पद्धत ठरव आणि ती कागदावर लिही. सोबत कक्ष क्रमांक आणि जवळच्या सीमा बुरुजापासूनचे अंतर टेपने मोजून टाक. वन राखीव असल्याची अधिसूचना प्रकरणात लागलीच पाहिजे, नाहीतर जागा वनाची होती हेच शाबीत होत नाही.

पंच दोन, गावातले, आणि खात्याच्या रोजंदारीवर नसलेले. तेच ते ठेवणीतले पंच पाच प्रकरणांत सापडले की पाचही जातात. पंचनाम्यावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ घाल. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही कर, गिरवू नकोस. आणि तो जागेवरच लिही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाईप केलेला, तरी ‘जागेवर बसून लिहिला’ असे म्हणणारा पंचनामा वकिलांना फार आवडतो. प्राथमिक गुन्हा रिपोर्टचे पुस्तक क्रमांकाचे असते. एक पान फाटले तर त्याचा जाब निवृत्तीपर्यंत पुरतो.

नमुन्यांबाबत एकच गोष्ट पक्की धर: फॉर्मलिन नको. मांसाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘प्रजाती निश्चित करता आली नाही’ असा येतो. नखाएवढा तुकडा, पाचपट इथेनॉल, किमान ९५ टक्के. शिजलेल्या मांसाचाही नमुना घ्यायचा, हाडाचा तुकडा असेल तर उत्तम. रक्त लागलेली कुऱ्हाड किंवा कापड सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेव. प्लास्टिकमध्ये ओलावा धरतो, बुरशी येते. लाखेचे सील लावशील त्याचा ठसा पंचनाम्यावरही उमटव. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेला किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला पाकीट पोचते तेव्हा ते दोन ठसे ताडून पाहतात.

सागाच्या तोडीत थूट (तोडलेल्या झाडाचा उरलेला बुंधा) हाच साक्षीदार. थुटाचा घेर, जमिनीपासूनची उंची, आरा की कुऱ्हाड, हे टिपून घे. भुसा पिवळा असेल तर तोड ताजी, तपकिरी पडला असेल तर जुनी, आणि थुटाला पालवी फुटली असेल तर काही आठवडे गेलेत. त्या वेळी आधीच्या गस्तीच्या नोंदीत काय लिहिले होते, हा प्रश्न तुलाच येणार. माल सापडला तर थुटाची आणि ओंडक्याची एकेक चकती कापून जुळवून ठेव. घनफळाला मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ८० सेंटीमीटर घेर आणि २.१० मीटर लांबी असेल तर ०.०८४ घनमीटर. हे तोंडी जमले पाहिजे, कारण नाक्यावर ट्रक उभा असताना वाहतूक परवान्यावरचा आकडा आणि ट्रकमधला माल जुळतो का ते तिथेच बघायचे असते.

अटक केलीस तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे, प्रवासाचा वेळ सोडून. घड्याळ अटकेपासून चालते, रेंज ऑफिसात पोचल्यापासून नव्हे. बाईला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादाला न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. बायांची अंगझडती बाईनेच घ्यायची, म्हणून शेजारच्या बीटमधून तुला रात्री-बेरात्री बोलावणे येत राहील. जायचे, पण झडतीच्या कागदावर सही आणि वेळ आपलीच. आरोपीला कोणी हात लावू नये हे तूच बघ. वन्यजीव गुन्ह्यात पुरावा नोंदवण्याचा अधिकार साहाय्यक वनसंरक्षक व त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, आणि तो जबाब आरोपीसमोर घेतलेला असेल तरच न्यायालयात टिकतो. चापट मारून मिळवलेली कबुली वैद्यकीय तपासणीत उलटते.

वाघाविषयी दोनच गोष्टी. तो वाटेवर बसला असेल तर थांबायचे किंवा आल्या वाटेने मागे फिरायचे. झाडोऱ्यातून वळसा घालायचा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात वाघगणनेच्या तयारीत असलेली एक महिला वनरक्षक अशाच वळशात जिवानिशी गेली. समोर वाघीण दिसत होती, बरोबर मजूर होते, अर्धा तास वाट बघूनही झाली होती. दाट झाडीत आपण तिला दिसत नाही, फक्त हालचाल ऐकू येते. दुसरे म्हणजे वाकून काम करणे. खाली वाकलेला माणूस वाघाला चौपायासारखा दिसतो, म्हणून मोह वेचणाऱ्या आणि गवत कापणाऱ्या बायाच जास्त सापडतात. पगमार्क (पावलांचे ठसे) मोजायला बसशील तेव्हा एक जण पाठीला पाठ लावून उभा पाहिजे, मोबाईल खिशात ठेवून.

वाघाने गाय मारली की त्याच दिवशी पंचनामा कर, रविवार असला तरी. नुकसानभरपाईचा कागद लांबला की रागाने त्याच गाईवर थायमेट (विषारी कीटकनाशक) टाकले जाते, आणि वाघ खायला परत येतोच. उन्हाळ्यात छोट्या पाणवठ्यांवर हेच होते. काठावर मेलेले पाखरू किंवा बेडूक दिसला तर पाणी बाटलीत घे, काठ काट्यांनी बंद कर, आणि मग फोन कर.

आगीचे फेब्रुवारीत लिहीन. तेव्हा १५ तारखेपासून १५ जूनपर्यंत हंगाम असतो. एवढेच ध्यानात ठेव की उपग्रहाच्या इशाऱ्यातला ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो. तिथे आग दिसली नाही म्हणून खोटा ठरवून परत येऊ नकोस, चारही बाजूंना फिर.

एसटीच्या पार्सलने एक कापडी पिशवी पाठवतो आहे. त्यात ३० मीटरचा टेप, घेर मोजायला ३ मीटरची कापडी पट्टी, कागदी पाकिटे, सिलिका जेलच्या पुड्या, पांढरे कापड, सुई-दोरा, लाख, मेणबत्ती आणि डझनभर पेन्सिली आहेत. पावसात बॉलपेनची शाई फुटते, तेव्हा टिपण पेन्सिलीने घे. लाख गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, वितळून सगळ्याला चिकटते. नमुन्याच्या बाटल्या रिकाम्या आहेत, इथेनॉल रेंज ऑफिसातून भरून घे. पार्सलमध्ये ते घेत नाहीत.

तुझे,
बाबा