'मदत घ्या' म्हणता, तर दारात काय विचारायचं तेही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाची आपली पुरवणी वाचली. लेख मनापासून लिहिलेले होते, पण सगळ्यांची गाडी 'संकोच सोडा, तज्ज्ञांची मदत घ्या' इथं येऊन थांबली. कुणाकडे जायचं, फोनवर काय विचारायचं, पैसे किती पडतात, पहिल्या दिवशी आत काय होतं, घरच्यांना कळवतात का, याबद्दल अवाक्षर नाही. माझं कराडला औषधाचं दुकान आहे. चिठ्ठीवरच्या गोळ्या घेऊन झाल्या की गिऱ्हाईक पाकीट खिशात घालता घालता आवाज खाली आणून नेमकं हेच विचारतं. मी स्वतः कोल्हापूरला एका खासगी थेरपिस्टकडे, म्हणजे बोलण्यातून मनावर उपचार करणाऱ्याकडे, जातो, त्यामुळे मला सांगता येतं. तेच इथं लिहितो.

माझा मोठा भाऊ कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. दुकान आम्ही दोघं मिळून चालवायचो. त्या दिवसांत औषधाचं दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तेराव्याच्या आधीच काउंटरला उभा राहिलो. पुढे बऱ्याच काळानं रात्री शटर ओढताना छातीत धडधड सुरू झाली. हात गार पडायचे आणि आता आपण जाणार अशी खात्रीच व्हायची. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. फिजिशियन म्हणाले, हे पॅनिक आहे, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, गोळी सुरू करू, पण सोबत थेरपी घ्या. कराडात घेतली नाही, कारण वेटिंगच्या बाकावर शेजारी माझंच गिऱ्हाईक बसलेलं असणार.

शोधायला लागलो तेव्हा पहिला गोंधळ पाट्यांचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि त्या नोंदीला क्रमांक असतो. तिसरे समुपदेशक. यांत एम.ए. करून वर्षानुवर्षं जाणत्या माणसाच्या हाताखाली काम केलेले आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे. पण मी ज्या दारांवर गेलो, तिथं नोंदणी क्रमांक लावलेला काही दिसला नाही.

इथं माझ्यातला दुकानदार जागा होतो. माझा परवाना दुकानाच्या दर्शनी भागात लावणं मला सक्तीचं आहे. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपवर बॅच नंबर, किंमत, मुदत, कंपनीचा पत्ता सगळं छापलेलं असतं. अल्प्राझोलामची, म्हणजे घबराटीवरच्या गोळीची, एक स्ट्रिप दिली तरी कडक नियमांच्या औषधांसाठी असलेल्या एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आणि ज्या खोलीत माणूस आयुष्य उलगडून ठेवणार, तिच्या दारावर नुसतं 'माइंड कोच' लिहिलेलं चालतं?

अशा एका ठिकाणी मी गेलोही. दहा सेशनचे पैसे आगाऊ भरा, 'मुळापासून बरं करण्याची गॅरंटी' देतो, म्हणाले. शिक्षण विचारलं तर भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवलं. मी उठलो. आमच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर गॅरंटी हा शब्द ऐकला की मी चार पावलं मागे सरकतो.

ज्यांच्याकडे आता जातो त्या बाईंना आधी फोन केला. शिक्षण काय, नोंदणी कुठली, माझ्यासारख्या त्रासावर काम केलंय का, फी किती, वेळ किती, यायला जमलं नाही तर पैसे जातात का, मराठीत बोलणार ना? एकाही प्रश्नाला त्या चिडल्या नाहीत, उलट व्हॉट्सॲपवर उत्तरं लिहून पाठवली. वाचकांना माझं सांगणं एवढंच की हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही, आणि ज्याला त्याचा राग येतो त्याच्याकडे जाऊ नये.

पहिल्या भेटीत इलाज होत नाही, चौकशी होते. घरात कोण कोण, झोप किती, जेवण कसं, चहा किती, तंबाखू-दारू आहे का, आधीची आजारपणं, चालू गोळ्या, घराण्यात कुणाला मनाचा आजार होता का. मग एक मराठीतला छापील कागद दिला. त्यावर गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं याचे नऊ प्रश्न होते आणि खुणा करायच्या होत्या. त्यानंतर त्यांनी सरळ विचारलं, "मरणाचे विचार येतात का? स्वतःला काही करावंसं वाटतं का?" मी दचकलो. नंतर कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट असेल तर ते बाहेर येतं.

खोलीत वेताच्या दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ त्यांना दिसते, मला नाही. आडवं पडायला कोच नाही, डोळे मिटायला लावणं नाही. पन्नास मिनिटं झाली की थांबतात, तुम्ही रडत असलात तरी दोन-चार मिनिटांत आवरतं घेतात. सुरुवातीला हे मला कोरडं वाटलं. पण माझ्यानंतरच्या माणसानं रजा टाकून वेळ घेतलेली असते, हेही खरं.

सल्ल्याची अपेक्षा ठेवून जाल तर निराश व्हाल. दुकान भागीदारीत द्यावं की विकावं, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं, बाईंनी एकदाही उत्तर दिलं नाही. त्यांनी दिला तो गृहपाठ. त्रास कधी झाला, कुठं, त्याआधी मनात काय आलं, शून्य ते दहात किती, हे लिहून आणायचं. मी ते जुन्या स्टॉकबुकाच्या मागच्या पानांवर लिहितो: 'रात्री १०.४०. शटर. दादा असता तर कुलूप त्यानं लावलं असतं. ७.' असं लिहिलेलं आपणच पुढच्या आठवड्यात वाचायचं असतं, आणि ते सोपं नाही.

एकदा त्यांनी मला उभं केलं आणि जागच्या जागी पळायला सांगितलं, छाती धडधडेपर्यंत. पन्नाशी उलटलेला माणूस, इन केलेला शर्ट, पायात मोजे, राजारामपुरीतल्या त्या खोलीत धापा टाकतोय. मग विचारलं, "आता हृदय जोरात चालतंय ना? काय होतंय?" काहीच होत नव्हतं. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे ईसीजीच्या कागदानं पटलं नव्हतं, ते तिथं पटायला लागलं. पॅनिकवरची ही नेहमीची पद्धत आहे, पण हृदयाची तपासणी झालेली असल्याशिवाय, आणि घरच्या घरी मनानं, कुणी करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखांत नव्हती. सुरुवातीच्या काही भेटींनंतर बरं वाटण्याऐवजी जड वाटतं. परतीच्या एसटीत किणी टोलनाका येईपर्यंत मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. तेवढ्यानं सोडू नये, पण बाईंना सांगावं. आणि काही भेटींनंतरही आपलं सूत जुळत नाही असं वाटलं तर तेही तोंडावर सांगून दुसऱ्याकडे जाता येतं. गोळ्या चालू असतील तर मात्र त्या परस्पर बंद करू नयेत. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून अर्धी स्ट्रिप परत घेऊन येणारे मी रोज बघतो.

आता घरच्यांचं. माझ्या बायकोनं एकदा बाईंना परस्पर फोन केला, "हे तिथं काय बोलतात?" बाईंनी नम्रपणे सांगितलं, ते तुम्ही त्यांनाच विचारा. घरी आल्यावर मला ऐकावं लागलं, "अहो, पैसे घरातले जाणार आणि घरातल्यालाच सांगायचं नाही?" तिचा राग मला कळतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ही गुप्तता रुग्णाचा हक्क म्हणून दिली आहे. तिला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगायला हवेत: जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा न्यायालयानं मागितलं, तर सांगावं लागतं. माझ्या बाईंनी हे सांगितलं, फक्त सहीचा कागद दोन पानी इंग्रजीत होता. मी मराठीत मागितला, तो नव्हता. त्यांनी वाचून अर्थ सांगितला, मगच मी सही केली.

पैशांचं स्पष्ट बोलतो. मी एका भेटीचे हजार रुपये देतो, मोठ्या शहरांत याहून बरेच जास्त घेतात. सुरुवातीला दर आठवड्याला, आता पंधरा दिवसांतून एकदा. मध्ये पावसात काही भेटी मोबाइलवर झाल्या, त्या मी दुकानामागे गाडी लावून, काचा वर करून केल्या, कारण घरात एकांत मिळत नाही. विम्याच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे अशा भेटींचा खर्च खिशातूनच. ज्यांना झेपत नाही त्यांनी फी कमी होईल का हे विचारावं, बरेच जण भेटीच्या काही वेळा सवलतीच्या फीसाठी राखून ठेवतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात अत्यल्प खर्चात दाखवता येतं. शिवाय टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

तेव्हा खासगी थेरपिस्ट मंडळींकडे माझी मागणी एका पानाची आहे. मराठीत, दारावर किंवा पहिल्या भेटीआधी मोबाइलवर: शिक्षण, नोंदणी क्रमांक, फी, वेळ रद्द करण्याचा नियम, गुप्तता आणि तिचे अपवाद. तक्रार कुठं करायची, हेही त्यात असू द्या. ज्यांचं काम चोख आहे त्यांना हे अवघड नाही, आणि ज्यांना अवघड वाटेल ते लोकांना आपोआप कळेल.

आणि आपल्याकडे मागणी अशी की पुढच्या पुरवणीत एखादा लेख कमी करून तिथं हे प्रश्न चौकटीत छापा. १४४१६ हा आकडा मोठ्या टाइपात टाका. ती चौकट कापून मी काउंटरच्या काचेखाली लावीन.

माझं नाव मात्र छापू नये. मुलीची स्थळं बघणं चालू आहे, आणि 'मुलीचे वडील कोल्हापूरला कुणाकडे जातात' ही चौकशी कोणत्या घरातून कशी होईल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक औषध दुकानदार, कराड